शेऱ्याचा रकाना

त्या माणसाचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याने माझं कुठे लिहिलं नाही, मी त्याचं लिहीत नाही. तेव्हा सगळे त्याला साहेब म्हणायचे, तेवढ्यावर भागेल. समोर मी त्याला अहो-जाहो करायचे, इथे करणार नाही. कुणी म्हणेल, बाई मनात धरून लिहिते आहे. धरूनच लिहिते आहे. राग निवण्याची वाट बघत बसले असते तर हे लिहूनच झालं नसतं.

माहेर माझं भोरचं, सासर वेल्हे तालुक्यातलं, गुंजवणीच्या खोऱ्यातली एक लहानशी वाडी. भोरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी झाले. लग्नानंतर वेल्ह्याच्या एका शाळेत विनाअनुदानित तुकडीवर नऊ वर्षं शिकवलं. मग तुकडीच बंद झाली आणि मी घरी बसले. त्याच वर्षी आमच्या वाडीच्या वरच्या माळावर पुण्याच्या एका कंपनीने लांबट पत्र्याची खोली आणि तिच्या शेजारी एक पांढरा घुमट उभा केला. वाडीत कुणी म्हणालं मोबाईलचा टॉवर येतोय, कुणी म्हणालं पानशेतसारखी हॉटेलं होणार. मी वर गेले ती निव्वळ चौकशीला, आणि खाली आले ती नोकरी घेऊन.

काम काय होतं ते आधी सांगते. आकाशात फार उंच, ढगांच्या कितीतरी वर, वीसेक किलोमीटरवर एक बिनमाणसाचं विमान फिरवायचं. लांबलचक पंख, पंखांवर सौर पट्ट्या. ते खाली न उतरता महिनोन्महिने एकाच भागावर घिरट्या घालू शकेल, अशी कल्पना. दरड कोसळली, पूर आला, खालचे टॉवर बंद पडले, तरी वरून फोन चालू राहतील आणि डोंगराची चित्रं मिळत राहतील. पण वर गोळा झालेली सगळी माहिती खाली आणायला तशी दणकट वाट हवी. रेडिओलहरींची वाट त्याला अरुंद पडते, लेसरची रुंद असते. अडचण एकच. लेसर म्हणजे शेवटी उजेड. उजेडाला ढग आडवा येतो, धुकं येतं, धूर येतो, तापलेल्या कातळावरून उठणारी हवासुद्धा येते. वरचा बहुतेक रस्ता मोकळाच असतो. घोटाळा होतो तो शेवटच्या टप्प्यात, आपल्या डोक्यावरच्या हवेत.

ती हवा बघायचं काम माझं होतं. विमान भोरच्या अंगाला, आंबवड्याच्या वरच्या आकाशात फिरायचं. तिथून किरण तिरका, आमची सगळी दरी ओलांडून घुमटातल्या दुर्बिणीत शिरायचा. डोळ्याला त्यातलं काहीच दिसत नसे. खोलीतल्या पडद्यावर एक हिरवी रेघ असायची. किरण नीट पोचत असला की ती सपाट, हवा बिघडली की थरथरायची, धुकं आलं की तळाला जाऊन पडायची. सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी पाचला मी खिडकीशी उभी राहून नऊ खुणा बघायची: राजगडाचा बालेकिल्ला, तोरण्याची माची, समोरच्या धारेवरचं एकटं झाड, शाळेचा पत्रा, असं करत करत शेवटी आमच्या देवळाची काठी. नऊपैकी किती दिसतात तो आकडा वहीत लिहायचा.

आकड्यानंतरचा शेवटचा रकाना मी स्वतः आखला होता. शेऱ्याचा. नुसत्या आकड्याने हवा कळत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात दिसलं. दोन दिवशी आकडा सहाच, पण एका दिवशी धुकं असतं आणि ते साडेआठला उठणार असतं, दुसऱ्या दिवशी पलीकडच्या डोंगराला वणवा लागलेला असतो आणि तो धूर काही संध्याकाळपर्यंत हलत नाही. मी त्या रकान्यात हे सगळं लिहायला लागले. ‘धुकं दरीत, माळावर नाही.’ ‘नऊच्या नऊ खुणा स्वच्छ, तरी रेघ नाचते, कातळ तापला आहे.’ भोरच्या बाजारातून मी स्वतः जाड पुठ्ठ्याच्या वह्या आणल्या होत्या. दोन वर्षांत चार भरल्या. तापात फणफणत असतानाही मी वर चढून नोंद केलेली आहे.

साहेब पुण्याहून आठवड्यातून तीन दिवस यायचा. शिकवायचा चांगलं, हेही लिहायला हवं, नाहीतर माझंच लिहिणं खोटं होईल. रेघ का नाचते ते त्यानेच मला समजावलं होतं. गरम आणि गार हवेचे लहान-लहान गोळे एकमेकांत मिसळत असतात, त्यातून जाताना किरण जागचा हलतो. माझ्या वह्या चाळून तो म्हणायचा, ‘मॅडम, हे सोनं आहे. अहवालात निरीक्षक म्हणून तुमचं नाव पहिल्या पानावर असेल.’ हे त्याने एकदा नाही, चार-पाच वेळा म्हटलं. मला त्या नावाची हाव होती, लपवत नाही. घरी बसलेली बाई म्हणून वाडीत माझी ओळख व्हायला लागली होती. छापील पानावर नाव आलं असतं तर मला पुढे कुठेही उभं राहता आलं असतं.

आता राबाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. आमच्याकडे भाताची रोपं ज्या तुकड्यात टाकायची, तो तुकडा उन्हाळ्यात भाजतात. खाली शेण, त्यावर तोडून वाळवलेले टहाळे, त्यावर पाला आणि गवत, सगळ्यात वर बारीक मातीचा थर. हा राब. वारा पडलेला असेल अशा सकाळी तो पेटवायचा. वर माती असल्यामुळे जाळ होत नाही, आतल्या आत धुमसतो. जमीन भाजून निघते आणि तणाचं बी मरतं. आमच्या वाडीचे सगळे तुकडे ओढ्याकाठी एकाला एक लागून आहेत, म्हणून वाडी सगळे राब एकाच दिवशी लावते. ठिणगी उडून रानात जाऊ नये म्हणून घरटी माणसं हिरव्या फांद्या घेऊन बांधावर उभी राहतात.

तो दिवस ठरवायच्या माझ्या थोरल्या जाऊबाई. सगळी वाडी त्यांना आक्का म्हणते, मीही म्हणते. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण वाऱ्याचं त्यांना जेवढं कळतं तेवढं कुणाला कळत नाही. सकाळी बांधावर उभ्या राहतात, मुठीतली राख हळूहळू सोडतात आणि ती कुठं जाते ते बघतात. राख सरळ पायाशी पडली की म्हणतात, ‘आज लावा.’

राबाचा धूर म्हणजे काय असतो ते एकदा बघायला हवं. रात्रीची गार हवा दरीत तशीच बसलेली असते. धूर तिच्यातून थोडा वर चढतो आणि आमच्या माळाच्या उंचीला येऊन पसरतो, उन्हं तापेपर्यंत तिथून हलत नाही. किरणाचा तिरका रस्ता नेमका त्यातून. वर धूर आणि खाली पन्नास तुकड्यांतून उठणारी गरम हवा. त्यातून रेघ टिकणं शक्य नव्हतं.

पहिल्या चैत्रात चाचण्यांचं वेळापत्रक माझ्या हातात आलं आणि आक्कांनी ठरवलेला दिवस नेमका त्याच आठवड्यात पडला. मी खाली जाऊन त्यांच्या पुढ्यात बसले. म्हटलं, ‘आक्का, राब तीन दिस पुढं न्याल का?’

‘का गं? तुझं इमान खोकतंय व्हय धुरानं?’

‘इमान न्हाई, त्याचा उजेड आडतो.’

‘मंग त्याला म्हनावं, डोळं मिटून ये.’ हसल्या, आणि त्यांनी घरोघर जाऊन राब तीन दिवस पुढे नेला. त्या चाचण्या उत्तम झाल्या. रेघ कशी आखल्यासारखी सपाट राहिली. साहेबाने पेढे वाटले. मी शेऱ्यात लिहिलं, ‘वाडीने राब तीन दिवस पुढे ढकलला, म्हणून हवा स्वच्छ.’

दुसऱ्या वर्षी मी पाच दिवस मागितले. आक्का या वेळी हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘आभाळ बरं दिसंना. पर तू म्हनतीस तर थांबू.’ चौथ्या दिवशी दुपारी वळीव आला. मांडून ठेवलेले राब चिंब भिजले. नंतर लावले तेव्हा अर्धेमुर्धे भाजले, आणि पावसाळ्यात रोपांपेक्षा तणच जास्त वर आलं. सगळ्यात वाईट आक्कांचा तुकडा होता, कारण तो ओढ्याला टेकून आहे. वाकून वाकून तण उपटताना त्यांच्या बोटांची सालं गेली होती. मला एकदाच बोलल्या, ‘तुझ्या त्या उजेडापायी बघ,’ आणि पुन्हा कामाला लागल्या. मी वर जाऊन लिहिलं, ‘चाचणीसाठी वाडीने राब थांबवला. वळवात भिजला. ओढ्याकडच्या तुकड्यांचं नुकसान.’ साहेबाने ते वाचलं होतं. वाचताना तो मान हलवत होता, मला स्पष्ट आठवतं.

त्या दिवाळीच्या आधी अहवाल तयार झाला. मी तो केंद्रावरच्या संगणकावर उघडला. पहिल्या पानावर अकरा नावं होती. पुण्यात बसून आलेख रंगवणाऱ्याचंही होतं. माझं नव्हतं. मी पुढची पानं उलटली. हवेवरच्या प्रकरणात लिहिलं होतं की या खोऱ्यातली हवा चैत्रात नैसर्गिकरीत्या अत्यंत स्वच्छ असते, आणि हे आमच्या गणिती मॉडेलने आधीच वर्तवलं होतं. तळाशी एक ओळ होती, की पडताळणीसाठी स्थानिक पातळीवर काही दृश्य नोंदी घेण्यात आल्या. माझी दोन वर्षं त्या एका ओळीत बसवली होती. वाडीच्या राबाचा तर उल्लेखच नव्हता. त्याने माझ्या वह्यांतले आकडे तेवढे उतरवून घेतले होते आणि शेऱ्याचा रकाना टाकून दिला होता.

मी त्याला विचारलं. तो वैतागला नाही, उलट समजुतीच्या सुरात बोलला, आणि त्यानेच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘मॅडम, मनाला लावून घेऊ नका. शेवटी तुम्ही खिडकीतून बघून आकडा लिहायचात. संशोधन वेगळं असतं. आता मॉडेल तयार आहे, त्यामुळे पुढच्या महिन्यापासून निरीक्षकाची गरज राहणार नाही.’ मी वह्यांवर हात ठेवून उभी होते. तो म्हणाला, ‘त्या राहू द्या तुमच्याकडे. आठवण म्हणून.’

वह्या पिशवीत घालून मी माळ उतरले. घरी ट्रंकेत सगळ्यात खाली ठेवल्या. त्या हिवाळ्यात मी स्वयंपाक करताना, दळण निवडताना, गोठा झाडताना त्याच्याशी मनात भांडत असायची. त्याला काय-काय बोलायला हवं होतं ते मला रोज नव्याने सुचायचं. नवऱ्याने दोनदा सांगून बघितलं, सोडून दे. मला सोडायचं नव्हतं. त्याची फजिती व्हावी, चारचौघांत व्हावी आणि ती माझ्या डोळ्यांदेखत व्हावी, एवढीच इच्छा मी देवळातसुद्धा मागितली आहे.

चैत्र लागला तसा भोरचा एक टेम्पोवाला, माझ्या माहेरच्या आळीतला, गिरणीपाशी भेटला. म्हणाला, ‘ताई, तुमच्या माळावर मांडव घालायचाय. दिल्लीचं पावनं येणार हायेत. बेस्तरवारी सकाळी हाय म्हनं त्यांचं काय ते दावायचं.’ मी पीठ तिथेच ठेवलं आणि त्याला दोनदा विचारून घेतलं. बेस्तरवार, सकाळी आठ ते अकरा. तेवढीच वेळ का, हे मला माहीत होतं. विमानांच्या रस्त्यांमुळे मोठ्या चाचणीला आकाशाची परवानगी अकरापर्यंतच मिळायची.

आक्कांचे राब मांडून झाले होते. मी जाऊन बसले आणि सगळं सांगितलं, राब त्याच दिवशी लावा हेही सांगितलं. त्यांनी पानाला चुना लावता लावता ऐकून घेतलं.

‘म्या तुझ्या रागासाठी राब लावायची न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘राब शेतासाठी आसतो.’

पान तोंडात घालून त्या म्हणाल्या, ‘पर बेस्तरवारी वारं पडलं, तर म्या थांबायचीबी न्हाई. दोनदा थांबले. आता कुनी इचारायला आलं न्हाई, तर कशापायी थांबू?’

खरंच कुणी विचारायला आलं नाही. कंपनीवाल्यांनी आकाशाची परवानगी घेतली होती, हवामान खात्याचा अंदाज घेतला होता, तहसीलदारांना आमंत्रण दिलं होतं. हाकेच्या अंतरावर पन्नास तुकडे मांडून ठेवलेले उघड्या डोळ्यांना दिसत होते. पण मॉडेलमध्ये धूर नव्हता. दोन वर्षं तो मी वाडीला सांगून लांबवला होता, आणि ते ज्या रकान्यात लिहिलं होतं तो त्यांना नको होता. मला एक शब्द सांगून त्यांना सावध करता आलं असतं. मी तो सांगितला नाही. उलट बुधवारी आमच्या तुकड्यात पाल्याखाली ओले टहाळे घातले, कारण ओला टहाळा पांढरा धूर देतो आणि तासन्‌तास देतो.

बेस्तरवारी सकाळी आक्कांनी बांधावर उभं राहून राख सोडली. ती पायाशी पडली. ‘लावा,’ त्या म्हणाल्या.

आमचा राब धरेना. दव पडलेलं, त्यात माझेच ओले टहाळे. नवरा गवताच्या चुडी पेटवून लावता लावता थकला. वर माळावर गाड्यांची दारं लागल्याचे आवाज यायला लागले आणि माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, मी घराकडे पळाले. ट्रंक उघडून चारही वह्या काढल्या. आठवण म्हणून ठेवा म्हणाला होता ना, घे तुझी आठवण. राबाच्या कडेला बसून मी पानं फाडून खाली सारायला लागले. आक्का शेजारच्या बांधावरून ओरडल्या, ‘आगं, लिवल्याली कागदं हायेत ती, आसू दे.’ मी ऐकलं नाही. चारही वह्या जळाल्या. राब धरला.

अर्ध्या तासात पन्नास तुकडे धुमसायला लागले. धूर ओढ्यावर उभा राहिला, हळूहळू चढला आणि माळाच्या कडेला येऊन आडवा झाला. आधी देवळाची काठी गेली, मग शाळेचा पत्रा, मग समोरचं झाड. मी सवयीने मोजत होते. राजगड गेला तेव्हा मला एवढं बरं वाटलं की मी आवाज न करता एकटीच हसले. आत त्या पडद्यावर रेघ कशी लोळत असेल ते मला न बघता दिसत होतं.

सव्वाआठला केंद्राचा वॉचमन पळत खाली आला. ‘साहेब म्हणत्यात, जरा दोन तास इझवा.’

आक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘राब इझवत्यात व्हय रं कधी? मातीखाली हाय जाळ. इझवून दाव.’

तो परत गेला, आणि नऊच्या सुमारास साहेब स्वतः उतरला. चकचकीत बूट, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांतून पाणी. बांधावरून तोल सावरत येताना त्याला मी दिसले. हातात फांदी, तोंडाला काजळी.

‘तुम्ही?’ तो म्हणाला.

‘हवा बघते आहे,’ मी म्हणाले. ‘खिडकीतून नीट दिसत नव्हती.’

त्याला बोलायचं होतं, पण खोकला आवरेना. तसाच माघारी वळला. त्याची पाठ धुरात जाईपर्यंत मी बघत उभी राहिले. टेम्पोवाल्याने नंतर सांगितलं की पाहुणे अकराला पुरीभाजी खाऊन निघून गेले आणि जाताना कुणी कुणाशी बोललं नाही. ते मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. पुढे कितीतरी दिवस मला शांत झोप लागली.

आषाढात, ऐन लावणीच्या दिवसांत, साहेबाची गाडी आमच्या दारात आली. मी आणि आक्का ओटीवर बसून रोपांच्या जुड्या बांधत होतो. रोपं त्या वर्षी फार चांगली आली होती. तो ओलाचिंब होऊन ओटीच्या कडेला बसला. मी पाणी दिलं, चहा विचारला नाही.

तो सरळ मुद्द्यावर आला. वरच्या समितीने अहवाल धरून ठेवला होता. एवढा धूर दरवर्षी होत असेल, तर आधीच्या दोन चैत्रांत तो कुठे गेला, असं त्यांनी विचारलं होतं. आकडे बनवलेले आहेत असा संशय होता. आता वाचवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे मूळ वह्या आणि त्यातले शेरे. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. अहवालाचं नवीन पहिलं पान होतं. सगळ्यात वर, मुख्य निरीक्षक म्हणून माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं शुद्ध. ‘हे आजच पाठवतो,’ तो म्हणाला. ‘वह्या तेवढ्या द्या.’

मी तो कागद हातात घेऊन स्वतःचं नाव वाचलं. मग म्हणाले, ‘जाळल्या.’

त्याचा विश्वास बसला नाही. मी त्याला सांगितलं कुठे, कधी आणि कशासाठी. सांगताना मला घाई नव्हती. त्याचा चेहरा उतरत गेला तो मी डोळे भरून बघितला, खोटं कशाला बोलू. शेवटी तो आवाज खाली आणून म्हणाला, ‘मग परत लिहून काढा. तुम्हाला सगळं पाठ आहे. जुन्या कोऱ्या वह्या मिळवतो मी. कुणाला कळणार आहे?’

‘सातची हवा सातलाच लिहितात,’ मी म्हणाले. ‘मी एकही नोंद घरी बसून केलेली नाही. तुम्हाला ते तेव्हाही कळलं नव्हतं.’

कागद मी त्याला परत दिला. तो गेला. पुढे त्याला त्या कामावरून काढल्याचं कळलं, माळावरची खोलीही कंपनीने उचलून नेली. मला आनंद झाला. आजही आठवलं की होतो.

गाडी वळणाआड गेल्यावर आक्कांनी विचारलं, ‘काय मागत व्हता?’

‘वह्या.’

‘मंग आता कशाला पायजेत? त्यात काय व्हतं येवढं?’

मी सांगायला लागले. हवा कशी होती ते लिहिलं होतं म्हटलं, आणि वाडीने पहिल्या वर्षी राब तीन दिवस थांबवला ते लिहिलं होतं. दुसऱ्या वर्षी वळवाने भिजला, ओढ्याकडच्या तुकड्याचं नुकसान झालं, तेही तारीख घालून लिहिलं होतं. ते सगळं आता दिल्लीपर्यंत गेलं असतं.

आक्कांचे हात थांबले.

‘माजं लिवलं व्हतंस?’

‘व्हय, आक्का.’

‘मला बोलली न्हाईस कदी.’ त्या म्हणाल्या, ‘मंग तू माजंबी जाळलंस की.’

त्यांच्या आवाजात राग नव्हता. जुड्या पाटीत रचल्या, इरलं डोक्यावर घेतलं आणि त्या शेताकडे निघून गेल्या. साहेबाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. आक्कांनी मला केलं का, ते विचारायचं मला अजून धाडस झालेलं नाही.